उमेदवारीचें पहिलें वर्ष

'उमेदवार' हा शब्द हल्लीं कानीं पडला कीं डोळ्यांपुढें निवडणूक उभी राहते. भिंतीवरचीं पत्रकें, हात जोडलेली मूर्ति आणि ध्वनिक्षेपक यांवांचून त्या शब्दाचें चित्रच पुरें होत नाहीं. पण आमच्या आजोबांच्या पिढीला तो निराळ्या अर्थानें ठाऊक होता. मामलेदार-कचेरींत किंवा एखाद्या वकिलाच्या बैठकींत होतकरू मुलगा बिनपगारी अथवा नांवाच्या पगारावर कारकुनाशेजारीं बसे, नकला करी, टिपणें काढी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. त्याला 'उमेदवार' म्हणत, आणि त्याच्या त्या दिवसांना 'उमेदवारीचे दिवस'. शब्द मूळ फारसी. उमेद म्हणजे आशा. ज्याच्यापाशीं पुरता पगार नाहीं, अधिकार नाहीं, अनुभव नाहीं, आशा मात्र आहे, तो उमेदवार. १९६१ सालीं सरकारनें जो कायदा केला त्यांतील तरुणाला मराठींत 'शिकाऊ उमेदवार' हेंच नांव मिळालें. तेव्हां हा जुना अर्थ निदान कागदोपत्रीं तरी अजून जिवंत आहे.

हें सारें आठवण्याचें कारण एका वाचक भगिनीचें पत्र. त्यांचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झाला. घरापासून तासाभराच्या वाटेवरील एका कारखान्यांत 'ट्रेनी' म्हणून लावून देतों, असें एका ठेकेदारानें सांगितलें आहे. लेखी कांहीं नाहीं. सहा महिने काम पाहूं, मग कायम करूं, असें तोंडी आश्वासन आहे. सासरे म्हणतात, हातचें सोडूं नये. दीर म्हणतात, पुण्यास पाठवा, तेथें आमच्या ओळखी आहेत. यजमान कांहींच बोलत नाहींत, आणि ज्याचें जीवित तो मुलगा सर्वांत गप्प आहे. "आम्ही काय करावें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न त्या एका घरचा नव्हे. निकाल लागले कीं घरोघर ओसरीवर तो बसलेला असतो. म्हणून या खेपेस त्याचाच विचार करूं. आणि तो करतांना नोकरी मागणाऱ्यांचा तसाच नोकरी देणाऱ्यांचाहि करूं. कारण आपल्या वाचकांच्या घरांत कोणी कारखान्यांत व्यवस्थापक आहेत, कोणाचें औषधांचें दुकान आहे, कोणाचा छापखाना, कोणाची हिशेबतपासनिसाची कचेरी. मुलगा कामाला लावणारें घर आणि दुसऱ्याचा मुलगा कामावर घेणारें घर हीं पुष्कळदां एकच असतात.

दासगांव हें सावित्रीच्या कांठचें जुनें बंदर. मोटाररस्ता आणि आगगाडी येण्यापूर्वीं या खोऱ्याची मुंबईची वाट पाण्यावरून होती. १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या सत्याग्रह-परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते आगबोटीनें येऊन २५ तारखेस दासगांवासच उतरले होते. त्याच वाटेनें उलट दिशेस आमच्या भागांतील कितीतरी तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला कीं गांवकऱ्यांच्या खोलींत त्याचें अंथरूण पडे, आणि गांवचाच कोणी तरी त्याला जॉबरपुढें उभा करी.

जॉबर म्हणजे गिरणींतील खात्याचा मुकादम. माणूस कामावर घेणें, त्याच्याकडून काम करून घेणें आणि त्याला काढून टाकणें, हीं तिन्ही कामें व्यवहारांत त्याच्याच हातीं असत. गिरणीच्या साहेबाला त्या मुलाचें नांवहि ठाऊक नसे. जॉबर आपल्या गांवचीं, आपल्या जातीचीं, आपल्या ओळखीचीं माणसें आधीं घेई. पुष्कळदां त्यासाठीं पैसे घेई. नडीला कर्ज देई आणि त्या कर्जानें माणूस बांधून ठेवी. १९३१ सालीं शाही मजूर-कमिशनचा अहवाल निघाला, त्यांत या पद्धतीवर कडक टीका आहे. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें बदली कामगारांसाठीं एक योजना आणली. ठरलेल्या बदली कामगारांना महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं गिरणीवर हजर राहावयाचें, आणि गैरहजर माणसांच्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या. जॉबरच्या मर्जीच्या जागीं यादी चालावी, हा तिचा हेतु. यादीनें मर्जी पुरती हटली नाहीं. परंतु कामावर घेणें ही मेहेरबानी नसून व्यवहार आहे आणि व्यवहार कागदावर असावा, हें तत्त्व तेथून पुढें लोकांच्या मनांत रुजूं लागलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांचें तें दार कोंकणच्या मुलांना हळूहळू मिटलें. इकडे महाडजवळ, बिरवाडीच्या बाजूस, औद्योगिक वसाहत वाढली. रसायनांचे आणि औषधी द्रव्यांचे कारखाने आले. १९८९ सालीं लोणेरें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवाचें तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, आणि आमच्या मुलांना वीर स्टेशनावरून दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या. मुंबईच्या खोलींत अंथरूण न टाकतां, घरचें जेवून कामावर जातां येईल, अशी सोय झाली. ही गोष्ट लहान नव्हे.

जॉबर गेला, त्याच्या जागीं ठेकेदार आला. सगळेच ठेकेदार वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पगार वेळेवर देणारे आणि कागदपत्र चोख ठेवणारे ठेकेदार आम्हांस माहीत आहेत. परंतु चेहरा बदलला तरी जुना प्रश्न तसाच आहे. हा मुलगा कोणाचा? कारखान्याचा, कीं ठेकेदाराचा, कीं कोणाचाच नाहीं?

या प्रश्नाचा आपल्या जुन्या शास्त्रकारांनींहि विचार केला होता. नारदस्मृतींत 'अभ्युपेत्याशुश्रूषा' नांवाचें एक प्रकरण आहे; सेवा पत्करून ती न करणें यासंबंधींचे तंटे त्यांत येतात. तेथें सेवा करणाऱ्यांचे पांच वर्ग सांगितले आहेत: शिष्य, अंतेवासी, भृतक, अधिकर्मकृत् आणि दास. शिष्य हा वेद शिकणारा. अंतेवासी हा शिल्प, म्हणजे हातचा धंदा, शिकणारा. भृतक म्हणजे मजुरी घेऊन काम करणारा. अंतेवासी आणि भृतक यांच्या मध्यें शास्त्रकारानें स्पष्ट रेघ ओढली आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अंतेवासीनें आपल्या आप्तांच्या संमतीनें यावें. किती काळ राहावयाचें तें आधींच ठरवावें. आचार्यानें त्याला आपल्या घरीं जेवूं घालून शिकवावें. शिकण्याखेरीज दुसऱ्या कामाला लावूं नये. आणि पुत्राप्रमाणें वागवावें. उलट बाजूनें, मुदतीपूर्वीं विद्या हस्तगत झाली तरी अंतेवासीनें मुदत पुरी करावी, आणि त्या काळांत त्याच्या कामाचें जें फळ येईल तें आचार्यानें घ्यावें. त्या प्रकरणांतील सक्तीचा आणि शिक्षेचा भाग आज त्याज्य आहे, आणि पांचव्या वर्गाचें तर नांवहि नको. परंतु देण्याघेण्याचा जो हिशेब तेथें मांडला आहे तो आजहि खरा आहे: शिकविणाऱ्यानें शिकवावें, शिकणाऱ्यानें टिकावें, आणि दोघांनींहि मुदत आधीं ठरवावी.

आतां १९६१ चा कायदा पाहावा. त्याचा अंमल १ मार्च १९६२ पासून सुरू झाला. शिकाऊ उमेदवार आणि मालक यांच्यांत लेखी करार व्हावा, उमेदवार अज्ञान असल्यास पालकानें तो करावा, आणि त्याची सरकारदप्तरीं नोंद व्हावी, असें हा कायदा सांगतो. चौदा वर्षांखालील मुलास घेतां येत नाहीं, आणि धोक्याच्या उद्योगांत अठरा वर्षांखालील मुलास घेतां येत नाहीं. २०१९ सालीं नियमांत बदल झाले तेव्हां तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेनें त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत, असें ठरलें. त्या संख्येंत ठेकेदाराचीं माणसेंहि मोजावयाचीं. त्याच वेळीं किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणें दरमहा ५,००० पासून ९,००० रुपयांपर्यंत ठरविण्यांत आलें. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असें कायदा स्वच्छ म्हणतो. त्यामुळें कामगारांचे बरेचसे हक्क त्याला नाहींत, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असेंहि नाहीं. परंतु आरोग्य व सुरक्षितता यांचे नियम त्याला लागू आहेत, आणि शिकतांना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. संमति, मुदत, पोषण, दुसऱ्या कामास न लावणें: स्मृतींतील अंतेवासी आणि कायद्यांतील उमेदवार एकमेकांना ओळखतील, इतके ते जवळचे आहेत.

सरकारच्या निराळ्या योजनाहि आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' सुरू केली. तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय.टी.आय. अथवा पदविका असलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये, आणि आरंभीं मुदत सहा महिन्यांची, असें ठरलें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें मोठ्या कंपन्यांत वर्षभर अनुभव मिळावा म्हणून आणखी एक योजना काढली. घरांतील वडील माणसांनीं या योजनांची नांवें ऐकून हुरळूं नये व हिणवूंहि नये. मुदतीच्या शेवटीं मुलाच्या हातीं कोणतें काम उरेल, एवढेंच विचारावें.

तेव्हां मुलगा कारखान्याच्या फाटकांतून आंत जातो तो कायद्यानें दोहोंपैकीं एक असावयास हवा. एक तर तो शिकाऊ उमेदवार. मग करार, विद्यावेतन, शिक्षण आणि शेवटीं परीक्षा व प्रमाणपत्र. नाहीं तर तो कामगार. मग नेमणूकपत्र, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधि आणि विमा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या चार श्रमसंहितांनीं कामगारास नेमणूकपत्र देणें आवश्यक केलें आहे. तिसरा प्रकार कायद्यांत नाहीं. व्यवहारांत मात्र तोच फार दिसतो: पैसे शिकणाऱ्याचे, काम मजुराचें, आणि कागद दोहोंपैकीं कोणाचाहि नाहीं. 'ट्रेनी' या गोंडस शब्दाच्या पदराखालीं हें सारें झांकलें जातें.

त्यानें काय होतें तें एका उदाहरणानें सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी, पदविका घेतलेला, अशाच 'ट्रेनिंग'वर एका कारखान्यांत लागला. चार महिन्यांत त्यानें यंत्राला हात लावला नाहीं. पोतीं उचललीं, पिंपें हलविलीं. एका रात्रपाळींत पिंपाचें झांकण उघडतांना आंतील द्रव उडाला आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. पिंपांत काय आहे हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. हातमोजे मागितले तेव्हां 'उद्यां' असें उत्तर मिळालें होतें. रुग्णालयांत नेल्यावर कळलें कीं कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचें नांव नाहीं, आणि ठेकेदाराच्या वहींत नांव आहे पण आडनांव नाहीं. भरपाई मागावयाची तर कोणाकडे? बापानें हातउसने पैसे घेऊन उपचार केले. हात बरा झाला. परंतु बोटें पुरतीं मिटत नाहींत. मुलगा हुशार होता, कामसू होता, आज्ञाधारक होता. त्याला त्याच्या घरानें सर्व कांहीं शिकविलें होतें. कागद मागावयास शिकविलें नव्हतें.

रसायनांच्या कारखान्यांत अज्ञानाची किंमत प्राणांनीं द्यावी लागते, हें महाडनें पाहिलें आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं तेथील वसाहतींतील एका औषधी द्रव्यांच्या कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली आणि अनेक कामगार प्राणांस मुकले. त्या घटनेचीं कारणें ठरविणें हें आमचें काम नव्हे. परंतु नवा माणूस कारखान्यांत सर्वांत असुरक्षित असतो, हें सांगावयास तज्ज्ञ लागत नाहीं. जुन्याला वास कळतो, आवाज कळतो, कोणत्या दाराकडे पळावयाचें तें पायांना ठाऊक असतें. नव्याला यांतलें कांहींच नसतें, आणि विचारावयाची लाज मात्र भरपूर असते.

म्हणून आपल्या वाचकांपैकीं जे कोणी तरुणांना कामावर घेतात त्यांस प्रथम हेंच सांगणें आहे कीं नव्या मुलाची विचारावयाची लाज पहिल्या दिवशींच घालवा. त्याला कोणा एका अनुभवी माणसाच्या हवालीं करा, आणि त्या माणसाला सांगा कीं या मुलाच्या प्रश्नांना उत्तर देणें हें तुझ्या कामाचाच भाग आहे. काम सांगितल्यावर 'कळलें ना?' असें विचारूं नका. त्या प्रश्नाला शाळेंत काय आणि कारखान्यांत काय, 'हो' हें एकच उत्तर येतें. 'काय करणार तें मला सांग पाहूं' असें म्हणा. चूक झाली तर एकांतांत दाखवा. चार माणसांत केलेला उपहास मुलाला काम शिकवीत नाहीं, चूक लपवावयास शिकवितो. चहा आणणें, साहेबांच्या घरचें वीजबिल भरणें, त्यांच्या मुलांना शाळेंतून आणणें, असलीं कामें त्याच्या गळ्यांत घालूं नका. दुसऱ्या कामास लावूं नये हा नियम स्मृतिकारांनाहि सांगावा लागला, यावरून हा दोष किती जुना आहे तें दिसतें. आणि ठरलेल्या तारखेस पैसे द्या. पहिला पगार लांबला तर मुलाचा मालकाच्या शब्दावरील विश्वास उडतो, आणि तो पुन्हां बसवावयास पुष्कळ पगार लागतात.

माणूस निवडावा कसा, याविषयींहि दोन शब्द. दासगांवच्या शाळेंतून पुढें आलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे १९२७ च्या महाडच्या परिषदेच्या प्रमुख संयोजकांपैकीं एक. त्यांचा जन्म १९०३ चा. लहानपणीं शिष्यवृत्ति मिळवूनहि महाडच्या इंग्रजी शाळेंत प्रवेशासाठीं त्यांना झगडावें लागलें. बुद्धीची परीक्षा ते उतरले होते, अडचण जातीची होती. हा इतिहास आपल्या वाचकवर्गानें विसरूं नये, कारण तें दार अडविणारे लोक आपल्यासारख्याच घरांतले होते. आज दार कायद्यानें उघडें आहे. परंतु 'आपल्यांतला कोणी आहे का पाहा' असें वाक्य नेमणुकीच्या वेळीं आपल्याहि बैठकींत अजून ऐकूं येतें. जॉबर आपल्या ओळखीचीं माणसें घेई म्हणून आपण त्याला नांवें ठेवतों. मग आपण तेंच केलें तर त्यास वेगळें नांव कां असावें? अर्ज आलेल्या प्रत्येकाला तासभर खरें काम देऊन पाहावें. एक पत्र लिहावयास सांगावें, एक हिशेब जुळवावयास द्यावा, एक वस्तु मोजावयास द्यावी. त्या तासाभरांत आडनांवापेक्षां अधिक कळतें.

आतां घराकडे वळूं. मुलाला नोकरीसाठीं तयार करणें म्हणजे आणखी एका वर्गांत नांव घालणें, अशी समजूत झाली आहे. वर्गांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं; जन्मभर आम्हीं तेंच केलें. परंतु कांहीं गोष्टी शाळेंत नीट शिकवितां येत नाहींत, घरांतच येतात. सकाळीं स्वतः उठणें. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटें आधीं पोंचणें. मोठ्या माणसाला 'मला हें समजलें नाहीं' असें डोळ्यांकडे पाहून, पण नम्रपणें, सांगणें. सही करण्यापूर्वीं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणें, आणि त्याची प्रत आपल्यापाशीं ठेवणें. रोजचें काम आणि किती तास केलें तें एका वहींत टिपणें. एकत्र कुटुंबांत या शिक्षणाची सोय उत्तम असते, कारण तेथें काका हिशेब मागूं शकतात, आत्या चूक दाखवूं शकते, आणि लग्नकार्यांत वाढप्यांची व्यवस्था पाहतां पाहतां मुलगा माणसें सांभाळावयास शिकतो. मात्र त्याच कुटुंबांत मुलाचा प्रत्येक निर्णय पांच जण घेतात आणि तो सहावा गप्प बसतो, हेंहि घडतें. जो मुलगा घरांत स्वतःचें मत बोललेला नाहीं तो साहेबापुढें काय बोलणार?

आणखी एक गोष्ट आयांनीं मनांत आणावी. आमचा मुलगा पहिल्या वर्गांत आलेला, त्यानें यंत्र पुसावें काय, असें पुष्कळ घरीं ऐकूं येतें. महाड तालुक्यांतील नाते या गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, आणि १९१८ सालीं विलायतेंत आय.सी.एस.च्या परीक्षेंतहि ते पहिले आले. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण त्या सेवेचा शिरस्ता असा होता कीं परीक्षेंत कितवाहि नंबर असो, नव्या माणसानें आरंभीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं राहावें, तेथील भाषेची परीक्षा द्यावी, खजिना आणि जमिनीचे दप्तर यांचें काम मुळापासून शिकावें. मगच स्वतंत्र जबाबदारी. पहिल्या नंबरालाहि उमेदवारी सुटली नाहीं. यंत्र पुसतांना यंत्राचे भाग कळतात, आणि ज्याला भाग कळले त्याला पुढें दुरुस्ती सांगतां येते. फक्त पुसणें हें शिकण्याची पहिली पायरी असावी. चार महिन्यांनींहि तीच पायरी असेल तर तें शिक्षण राहिलें नाहीं.

मुलींविषयीं वेगळें प्रकरण लिहावें असें कांहीं सुचवितात. आम्हांस तें पटत नाहीं. वरील सर्व त्यांनाहि जशाचें तसें लागू आहे. एक गोष्ट अधिक सांगावयाची ती अशी कीं कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ सालीं जो कायदा झाला त्यांत शिकाऊ उमेदवार मुलगीहि येते. दहा किंवा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें तक्रार-समिति असलीच पाहिजे. मुलीला कामावर पाठवितांना त्या समितीचें नांव तिला ठाऊक असावें; आणि त्याहून महत्त्वाचें, तिनें घरीं येऊन कांहीं सांगितलें तर 'मग सोडून दे ती नोकरी' हें पहिलें वाक्य आपल्या तोंडून येऊं नये. तें वाक्य येणार हें ज्या मुलीला माहीत असतें ती घरीं कांहींच सांगत नाहीं.

आतां आमच्या त्या भगिनीस उत्तर. सासऱ्यांचें म्हणणें खरें आहे: हातचें सोडूं नये. परंतु हातांत आहे काय, तें आधीं पाहावें. मुलानें स्वतः ठेकेदाराकडे जावें, बरोबर वडिलांनीं जाण्यास हरकत नाहीं, पण बोलावें मुलानें. आणि पांच गोष्टी विचाराव्या. मी शिकाऊ उमेदवार आहें कीं कामगार? माझा कागद कोणाच्या सहीनें मिळेल, कारखान्याच्या कीं आपल्या? महिन्याला किती आणि कोणत्या तारखेस? शिकविणारा माणूस कोण? आणि इजा झाली तर जबाबदारी कोणाची? कारखान्यांतहि जाऊन विचारावें कीं येथें शिकाऊ उमेदवारांच्या जागा आहेत काय, बी. एस्‌सी. झालेल्या मुलालाहि त्या कायद्याखालीं घेतां येतें. सरळ उत्तरें मिळालीं तर पगार थोडा असला तरी जावें. प्रयोगशाळेंत वर्षभर प्रामाणिकपणें काम केलेल्या मुलाला पुढें पुणें दूर नाहीं. उत्तरांऐवजीं 'एवढें विचारणारा मुलगा आम्हांस नको' असें ऐकूं आलें, तर तेंहि एक उत्तरच समजावें, आणि तें सहा महिन्यांनीं मिळण्यापेक्षां आज मिळालें याबद्दल समाधान मानावें.

पुण्याच्या दिरांनाहि विनंति आहे. ओळख खुशाल वापरावी, पण ती फाटकापर्यंत. मुलाखतीचें दार कोठें आहे तें सांगण्यास ओळख उपयोगी पडते. त्या दारांतून आंत ढकलण्यास ती वापरली तर आंत गेलेला मुलगा जन्मभर कोणाचा तरी माणूस म्हणून ओळखला जातो, स्वतःच्या कामानें ओळखला जात नाहीं.

आणि यजमान गप्प आहेत असें ताईंनीं लिहिलें आहे. बाप गप्प बसतो तेव्हां बहुधा त्याला स्वतःचें पहिलें वर्ष आठवत असतें. त्यांनीं तें एकदां मुलाला सांगावें: पहिला साहेब कसा होता, पहिला पगार किती आला, कोठें फसलों, कोणीं सांभाळून घेतलें. प्रत्येक घरांत ही पोथी असते आणि क्वचितच कोणी ती उघडतो. रात्रीचीं जेवणें झाल्यावर ओसरीवर अर्धा तास पुरे होतो.

उमेद ही वस्तु तरुणापाशीं फुकट असते, म्हणून ती स्वस्त आहे असें मानणारे पुष्कळ भेटतात. शेतकरी बियाण्याला तसें मानीत नाहीं. तो तें निवडतो, उन्हांत वाळवितो, कोरड्या जागीं ठेवतो, आणि घरांत दाणा नसला तरी त्याला हात लावीत नाहीं. आपल्या घरांतून दरवर्षीं जो एकेक तरुण कामाच्या जगांत जातो, आणि आपल्या दुकानांत-कचेरींत दुसऱ्याच्या घरचा जो एकेक तरुण येतो, त्या दोघांनाहि इतक्याच जपणुकीचा अधिकार आहे.